फुकट दिली तरी गुन्हाच : अमली पदार्थ पुरवण्याबद्दल कायदा काय म्हणतो

"मी विकत नव्हतो, मित्राला नुसती नेऊन देत होतो." पुडीसह पकडला गेलेला मुलगा घाबरून असंच काहीतरी बोलतो. पैसे घेतले नाहीत म्हणजे आपण गुन्हेगार नाही, असं त्याला मनापासून वाटत असतं. त्याच्या आईवडिलांनाही तसंच वाटतं. बचाव म्हणून बोललेलं हे वाक्य त्याला कायद्यात काहीच मदत करत नाही. उलट पुडी आपल्याकडे होती आणि तिच्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक होतं, या दोन्ही गोष्टी तो स्वतःच सांगून बसतो. खटल्यात प्रश्न नेमका याच दोन गोष्टींचा असतो.

गिरगावच्या चाळीत, दादरच्या क्लासबाहेर, परळ-लालबागच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत आज एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, सहज पोचते. म्हणून गुन्हा नेमका कुठे सुरू होतो आणि तो सिद्ध करण्यासाठी पोलिसांना काय दाखवावं लागतं, हे दोन्ही घराघरात माहीत असायला हवं.

कायदा कोणता

'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' हे त्याचं लांबलचक नाव. पोलीस ठाण्यापासून हायकोर्टापर्यंत सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. ऑगस्ट १९८५ मध्ये विधेयक संसदेत आलं आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून कायदा लागू झाला. त्याआधी १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा होता. त्यांतल्या शिक्षा किरकोळ होत्या.

ही घाई का झाली, हे गिरणगावातल्या जुन्या माणसांना सांगायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांतली कमाई थांबली. त्याच दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शहरात पसरली. अनिल अवचटांनी या गर्दवर लिहिलं आणि त्याच धडपडीतून १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं.

मूळ कायद्यात लहान पुडीवाला आणि मोठा तस्कर जवळजवळ एकाच मापाने मोजले जात. २ ऑक्टोबर २००१ पासून वजनानुसार शिक्षा आली. २०१४ मध्ये आणखी बदल झाले. ज्या मेफेड्रोनला मुलं एमडी किंवा म्याव म्याव म्हणतात, ते ५ फेब्रुवारी २०१५ ला यादीत आलं. त्याआधी मुंबईत ही पावडर सापडली तरी पोलिसांकडे लावायला धड कलम नव्हतं.

'पुरवठा' हा गुन्हा नेमक्या कोणत्या कलमात

कलम ८ हा या कायद्याचा कणा आहे. त्यात मनाई केलेल्या कृती एकामागोमाग येतात : पिकवणं, बनवणं, जवळ बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं, साठवणं, वापरणं, सेवन करणं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात नेणं-आणणं. सूट आहे ती औषधोपचार आणि शास्त्रीय कामासाठी, तीही परवान्याच्या अटींनुसार.

या यादीत 'पुरवणं' असं वेगळं क्रियापद नाही. त्यामुळे 'नुसतं दिलं' हा प्रकार निसटला असेल असं कुणाला वाटेल. पण द्यायच्या आधी ती वस्तू जवळ असावी लागते आणि देण्यासाठी न्यावी लागते. बाळगणं आणि वाहून नेणं हे दोन्ही स्वतंत्र गुन्हे आहेत. म्हणून पैसे घेतले की नाही, नफा झाला की नाही, हे सरकारी वकिलाला सिद्ध करायचंच नसतं. करी रोड स्टेशनवरून पुडी घेऊन भारतमाताच्या नाक्यावर मित्राला देणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने ती बाळगणारा आहे आणि वाहून नेणारासुद्धा.

'माझ्या स्वतःसाठी होती' याचाही आधार फार उरलेला नाही. सेवनासाठी कलम २७ आहे. कोकेन, हेरॉईन, मॉर्फिनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा १०,००० रुपये किंवा दोन्ही. पण पदार्थ खिशात सापडला की प्रकरण कलम २०, २१ किंवा २२ मध्ये जातं आणि तिथे हेतूपेक्षा वजन महत्त्वाचं ठरतं.

तराजूवर काय ठरतं

१९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत प्रत्येक पदार्थाची अल्प मात्रा आणि व्यापारी मात्रा ठरवून दिली आहे. गांजा १ किलोच्या आत असेल तर अल्प, २० किलोच्या वर गेला की व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडीएमए, म्हणजे पार्टीतल्या एक्स्टसीच्या गोळ्या, अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. मेफेड्रोन नंतर आलं. त्याची मात्रा २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम.

अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं, कमाल वीस वर्षं आणि एक ते दोन लाख रुपये दंड. किमान दहा वर्षं म्हणजे न्यायाधीशाला दया आली तरी त्याखाली जाता येत नाही.

एमडीचे पन्नास ग्रॅम डोळ्यांसमोर आणा. मळकट पांढऱ्या भुकटीची ती एक लहानशी झिपची पिशवी असते आणि शाळकरी मुलाच्या मुठीत मावते. 'ही पिशवी दादरला एकाला दे, पाचशे रुपये मिळतील' असं सांगून जो ती मुलाच्या हातात ठेवतो, तो त्या मुलाच्या आयुष्यातली किमान दहा वर्षं पणाला लावतो.

आणखी एक गोष्ट मुलांना हमखास माहीत नसते. भेसळ असली तर वजन फक्त शुद्ध पदार्थाचं धरायचं की सगळ्या मिश्रणाचं? २००८ च्या एका निकालाने शुद्ध पदार्थाचं धरलं होतं. २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात तो निकाल फिरवला. आता पूर्ण मिश्रण तोललं जातं. दोन ग्रॅम हेरॉईनमध्ये दहा ग्रॅम दुसरी पावडर मिसळली असेल तर गुन्हा बारा ग्रॅमचा. एलएसडीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ज्या कागदावर ते थेंब टाकलेले असतात त्या कागदाचं वजनही मोजायचं असं ठरवलं. एलएसडीची व्यापारी मात्रा एक दशांश ग्रॅम आहे, हे लक्षात घेतलं की या निकालाचा भार कळतो. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण त्यात शिक्षा कागदाच्या जाडीवर वाढते. पण आज कायदा तसा आहे.

पदार्थ कोणता, हे प्रयोगशाळा सांगते

पोलिसांकडे जागेवर तपासायचं किट असतं, पण खटल्यात चालतो तो प्रयोगशाळेचा अहवाल. मुंबईतले बहुतेक नमुने कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात.

हे किती महत्त्वाचं आहे, ते २०१५ मध्ये दक्षिण मुंबईनेच पाहिलं. मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराच्या कपाटात सुमारे बारा किलो पावडर सापडली आणि त्याच्या सातारा जिल्ह्यातल्या गावच्या घरात शंभर किलोहून अधिक. मेफेड्रोनचा एवढा साठा पोलिसाकडेच निघाला म्हणून राज्यभर खळबळ माजली. पुढे तपासणीत ती पावडर अजिनोमोटो निघाली, म्हणजे चायनीज गाड्यांवर पदार्थात टाकतात तीच. यादीतला पदार्थच नसेल तर कलम २० ते २२ चा पायाच उरत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र याच प्रश्नाचं उत्तर वेगळं मिळतं. तिकडच्या १९७१ च्या कायद्यात 'पुरवणं' आणि 'पुरवतो असं म्हणणं' हे दोन्ही स्वतंत्र गुन्हे आहेत. १९७६ च्या एका निकालात एकाने एलएसडी म्हणून जे विकलं ते एलएसडी नव्हतंच. तरी 'एलएसडी देतो' असं म्हटल्याबरोबर गुन्हा पुरा झाला, असं तिथल्या न्यायालयाने धरलं. लंडनला किंवा मँचेस्टरला शिकायला गेलेल्या दादर-गिरगावच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. चौघांनी पैसे काढून एकाने आणायचं आणि सगळ्यांत वाटायचं, याला तिकडे पुरवठाच म्हणतात. कोकेन किंवा एमडीएमएच्या पुरवठ्याला तिथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

नुसतं 'आणून देतो' म्हटलं तर

आपल्याकडे 'देतो' म्हणण्याचा वेगळा गुन्हा नाही. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात विक्रीचा प्रस्तावही गुन्हा धरावा असं म्हटलं आहे आणि भारत त्या करारात आहे. आपल्या कायद्यात हे काम इतर कलमांनी केलं जातं.

एकाने म्हटलं, "शनिवारी माल आणून देतो", आणि दुसरा काही बोललाच नाही, तर ते बोलणं तिथेच राहतं. दुसऱ्याने "ठीक, दहा ग्रॅम आण" म्हटलं, की दोघांत संगनमत झालं. कलम २९ प्रमाणे कट करणाऱ्याला आणि मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा असते, आणि ज्या गुन्ह्याचा कट झाला तो पुढे घडला की नाही यावर ते अवलंबून नाही. त्याने माल आणायला पाऊल उचललं, फोन केला, पैसे पाठवले, निघाला, की कलम २८ चा प्रयत्न ठरू शकतो. त्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. व्यापारी मात्रेच्या बाबतीत नुसत्या तयारीलाही कलम ३० आहे, निम्म्या शिक्षेचं.

मध्ये बसून दोघांची गाठ घालून देणारा, "माझ्या ओळखीचा आहे, नंबर देतो" म्हणणारा मित्रही याच कलम २९ च्या टप्प्यात येऊ शकतो. त्याने पावडर कधी पाहिलेलीही नसेल.

पण कट सिद्ध करणं सोपं नाही. दोन मनं एका गुन्ह्यावर एकत्र आली होती, हे पुराव्याने दाखवावं लागतं.

मुंबईतल्या दोन जामीन आदेशांनी काय शिकवलं

२ ऑक्टोबर २०२१ ला अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, मुंबई बंदरातल्या क्रूझ टर्मिनलवर छापा घातला. अभिनेत्याचा मुलगा आर्यन खान आणि इतरांना अटक झाली. आर्यनकडे काही सापडलं नव्हतं. त्याच्यावरचा आरोप व्हॉट्सॲप संभाषणांवर आणि कटाच्या कलमावर उभा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला जामीन दिला. सविस्तर आदेशात न्यायमूर्ती नितीन सांबरे यांनी नोंदवलं की एकाच जहाजाने प्रवास केला एवढ्यावरून कट ठरत नाही आणि संभाषणांतही तसं काही दिसत नाही. जामीन मिळेपर्यंत तो साडेतीन आठवडे कोठडीत होता, त्यातले बरेचसे सातरस्त्याच्या आर्थर रोड तुरुंगात. मे २०२२ मध्ये एनसीबीने आरोपपत्र दाखल केलं, तेव्हा पुरेसा पुरावा नाही म्हणून त्यात त्याचं नावच नव्हतं.

दुसरा आदेश पुरवठ्याच्या प्रश्नाला आणखी थेट भिडतो. २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांच्यावर कलम २७-अ लावण्यात आलं होतं. हे कलम अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यासाठी आणि गुन्हेगाराला आश्रय देणाऱ्यासाठी आहे. शिक्षा दहा ते वीस वर्षं. दुसऱ्याच्या सेवनासाठीच्या खरेदीत पैसे दिले किंवा मदत केली, म्हणजे व्यापाराला अर्थसाहाय्य केलं का, असा प्रश्न होता. ७ ऑक्टोबर २०२० ला न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी त्याचं उत्तर नाही असं दिलं. एखाद्या खरेदीसाठी पैसे मोजणं वेगळं आणि धंदा चालवायला भांडवल देणं वेगळं. तसं नसतं तर सेवन करणाऱ्याला एक वर्ष आणि त्याला पैसे देणाऱ्याला वीस वर्षं, असा विचित्र निकाल लागला असता. तोवर रिया यांनी जवळजवळ महिना भायखळ्याच्या महिला तुरुंगात काढला होता.

हा आदेश वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एनसीबीने जामिनाला आव्हान देण्याचा आग्रह धरला नाही, पण कलम २७-अ चा प्रश्न खुला ठेवण्यात आला. शिवाय पैसे देणाऱ्यावर कलम २९ लागू शकतंच.

मोबाइलवरच्या संभाषणाचं बोलायचं तर जालन्याचा एक खटला आठवावा लागतो. विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर विहित प्रमाणपत्र हवंच. आज देशभर एनडीपीएसच्या खटल्यांत चॅटच्या प्रिंटआउटवर वाद होतो तेव्हा हाच निकाल पुढे येतो. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा

पुडी आपल्या बॅगेत सापडली, पण ती तिथे आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, तर? कायदा जाणीवपूर्वक ताबा मागतो. पण इथे एक गाठ आहे. कलम ३५ आणि ५४ प्रमाणे, वस्तू तुमच्याकडे सापडली हे सरकार पक्षाने दाखवलं की तुम्हाला ते ठाऊक होतं असं न्यायालय गृहीत धरतं आणि उलटं दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. २००८ मध्ये नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला लगाम घातला : आधी सरकार पक्षाने ताब्याची पायाभूत गोष्ट शंकेपलीकडे सिद्ध करावी, तोवर हे गृहीतक उभंच राहत नाही.

दादर स्टेशनवर "भाऊ, एवढी बॅग कल्याणला माझ्या माणसाला द्याल का" म्हणून कुणी गळ घातली तर नाही म्हणा. पार्सल पोचवणाऱ्या पोरांनीही पाठवणाऱ्याचं नाव, नंबर आणि ॲपवरची नोंद जपून ठेवावी. 'मला माहीत नव्हतं' हे तोंडी सांगण्यापेक्षा ती नोंद न्यायालयात कितीतरी उपयोगी पडते.

खोली, दुकान, गाडी

चाळीतली रिकामी खोली भाड्याने देणाऱ्यांनी कलम २५ वाचावं. घर, खोली, आवार किंवा वाहन ज्याच्या मालकीचं किंवा ताब्यात आहे, त्याने ते जाणूनबुजून अशा कामासाठी वापरू दिलं तर त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. कायद्यात 'जाणूनबुजून' म्हटलं आहे म्हणून प्रामाणिक घरमालक सुटतो, पण त्यासाठी कागद हवा. लिव्ह-लायसन्सचा नोंदलेला करार आणि पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती यांचा खरा उपयोग अशा वेळी होतो. स्कूटर किंवा गाडी कलम ६० खाली जप्त होते आणि आपल्याला माहिती नव्हती, आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकाला दाखवावं लागतं.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषध बाजारापासून गल्लीतल्या मेडिकलपर्यंत आणखी एक धोका असतो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीनचं खोकल्याचं औषध ही साधी औषधं आहेत आणि तीच एनडीपीएसच्या यादीतही आहेत. एच-१ वर्गातल्या औषधांसाठी दुकानात वेगळी वही ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय मागच्या दाराने दिलेल्या पट्ट्यांना फक्त औषध कायदा लागतो असा समज २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढला. दोन्ही कायदे लागू शकतात.

परळच्या मॉर्फिनच्या गोळ्या

परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे. देशभरातून आलेले रुग्ण आणि नातेवाईक आसपास राहतात; दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्यांच्यातल्या कित्येकांचं घर होते. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात दुखणं आवरायला मॉर्फिन लागतं. १९८५ नंतर परवान्यांचं एवढं जंगल माजलं की रुग्णालयांतला मॉर्फिनचा वापर झपाट्याने घसरला आणि हजारो रुग्ण तळमळत गेले. कायद्याची ही फार मोठी चूक होती. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी औषधं 'अत्यावश्यक' ठरवून मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी देशभर एकच सोपी पद्धत आणली.

रुग्ण गेल्यावर घरात पट्ट्या उरतात. शेजारच्या खोलीत दुसरा रुग्ण कण्हत असतो, त्याच्या बायकोची गोळी संपलेली असते. अशा वेळी उरलेली पट्टी पुढे करणं हे माणुसकीचं वागणं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्याच्यासाठीच ती सूट आहे. हात बदलला की सूट संपते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने कधी मॉर्फिन घेतलेलं नाही त्याला दुसऱ्याच्या मापाची गोळी दिली तर श्वास थांबू शकतो. उरलेल्या गोळ्या रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात दाखवून त्यांचं काय करायचं ते विचारा. शेजारच्या रुग्णाला घेऊन त्याच विभागात जा. तिथे त्याची गोळी त्याच्या मापाने मिळते.

लहान मुलाच्या हातून

धंदा करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते : दप्तर पाठीला लावलेल्या मुलाची झडती कुणी घेत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला अमली पदार्थ देणं आणि कलम ७८ प्रमाणे त्याच्याकडून विकून घेणं, वाहून नेववणं, या दोन्हींना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ही शिक्षा एनडीपीएसच्या शिक्षेशिवाय. शाळा-कॉलेजात किंवा त्यांच्या अगदी लगत गुन्हा झाला तर कलम ३२-ब प्रमाणे न्यायालय किमान शिक्षेहून जास्त शिक्षा देऊ शकतं. क्लासेसच्या गर्दीने भरलेल्या दादरमध्ये हे कलम फलकावर लावण्याजोगं आहे.

झडती कशी व्हायला हवी

शिक्षा एवढ्या कडक आहेत म्हणूनच पोलिसांवर बंधनंही कडक आहेत. खबर मिळाली तर ती लिहून काढून ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची. घरात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटशिवाय शिरायचं असेल तर कारण नोंदवायचं. स्टेशन, फुटपाथ, हॉटेल अशा सार्वजनिक जागी कलम ४३ लागतं. तिथे एवढे सोपस्कार नसतात.

अंगझडतीच्या आधी पोलिसांनी सांगायलाच हवं, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. हे कलम ५०. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विजयसिंह जडेजा खटल्यात हा हक्क नीट सांगणं बंधनकारक ठरवलं. मात्र तो अंगाच्या झडतीपुरता आहे, हातातल्या पिशवीसाठी नाही. पकडलेला माल पंचांसमोर तोलला जातो, पाकिटावर सही होते, लाखेचं सील लागतं, आणि कलम ५२-अ प्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात. पंच म्हणून बोलावलं तर न वाचता सही करू नका. सील लावताना बघा, वजन स्वतः वाचा. पुढे कोर्टात तुम्हालाच विचारतील. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेनुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे.

पोलीस किंवा एनसीबीच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब, कलम ६७ खाली घेतलेला असला तरी, दोषी ठरवायला चालत नाही. २९ ऑक्टोबर २०२० चा तुफान सिंग निकाल तसं सांगतो.

जामीन

व्यापारी मात्रा असेल किंवा कलम २७-अ लागलं असेल तर कलम ३७ आड येतं. आरोपी निर्दोष असावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो सुटल्यावर गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री झाली तरच जामीन. आरोपपत्र दाखल करायला पोलिसांना ६०-९० दिवसांऐवजी १८० दिवस मिळतात. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद मुस्लिम खटल्यात खटला लांबल्यामुळे जामीन देता येतो असं म्हटलं, पण त्यासाठी आधी आत वर्षं घालवावी लागतात. म्हणून पहिल्या चोवीस तासांत चांगला फौजदारी वकील मिळवा. फी परवडत नसेल तर फोर्टच्या सत्र न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. अटकेतल्या माणसाचा तो हक्क आहे.

सवय लागलेल्यासाठी उघडं असलेलं दार

कलम ६४-अ फार थोड्यांना माहीत आहे. ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे, त्याने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात व्यसनमुक्तीचा उपचार घेतला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. केईएमसारख्या पालिका रुग्णालयांच्या मनोविकार विभागात सुरुवात करता येते.

मुलाच्या खोलीत पुडी सापडली तर ती दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, लपवूही नका. आधी मुलाशी बोला, वकिलाला विचारा आणि १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. तो फोन मोफत आहे. विक्री करणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर एनसीबीची 'मानस' हेल्पलाइन १९३३ आहे. लालबाग, परळ आणि गिरगावच्या मंडळांना विनंती आहे, की हे दोन नंबर आणि कलम ६४-अ ची दोन ओळींची माहिती येत्या गणेशोत्सवात मंडपाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.